‘शेजारचा दिवे लावणारच आहे’ : नीतिशास्त्राचे सिद्धांत एका दर्यावरच्या प्रश्नाला लावून पाहताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावातून, तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की उपयुक्ततावाद, कांटचा कर्तव्यवाद आणि ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार परीक्षेपुरते पाठ झाले, पण घरातल्या एका गोष्टीचा निकाल त्यांतल्या एकानेही लागत नाही. तिचे काका बंदी असूनही रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करतात. आपण दिवे विझवल्याने दर्या वाचणार नाही, कारण शेजारचा लावणारच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. तिच्या शिक्षणाचा बराचसा खर्चही त्यांनीच केला आहे. मग या सिद्धांतांपैकी खरा कोणता मानायचा, की नीती शेवटी ज्याची त्याची असते, असे तिला विचारायचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मी हा विषय अनेक वर्षे शिकवला आहे आणि थोड्याफार फरकाने हाच प्रश्न वर्गात वारंवार ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नाचे शेवटचे टोक आधी हातात घेतो, कारण नीती खरोखरच ज्याची त्याची असेल तर पुढचे काही बोलण्याला अर्थच उरत नाही. या मताला सापेक्षतावाद म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार केवळ वर्णन करतो: वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या गोष्टी योग्य मानल्या जातात. हे खरे आहे, आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार त्याहून बराच पुढे जातो आणि म्हणतो की समाज जे योग्य मानतो तेच त्या समाजापुरते योग्य असते, त्यापलीकडे योग्य-अयोग्य असे काही नाही. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही, कारण एखाद्या गोष्टीबद्दल माणसांची मते वेगळी आहेत एवढ्यावरून त्या गोष्टीला बरोबर उत्तरच नाही असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रकाराची खरी अडचण समजून घ्यायला कोकणाबाहेर जाण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला, आणि त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही प्रत्यक्ष पाणी प्यायले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. पुढे कोर्टकज्जे होऊन उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. आता सापेक्षतावाद्याला विचारा की १९२७ साली महाडमध्ये योग्य कोण वागले. समाज मानतो तेच योग्य, या व्याख्येने त्या दिवशी चूक सत्याग्रहींची ठरते, आणि ती चूक का, तर बहुसंख्य तसे मानत होते म्हणून. प्रत्येक समाजसुधारक व्याख्येनेच अनीतिमान ठरतो, आणि समाज सुधारला असे म्हणण्याची सोयही राहत नाही. फार तर तो बदलला एवढेच म्हणता येते. ही किंमत मोजायला तयार असणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे.

याच प्रसंगातून आणखी एक भेद पदरात पडतो, तो म्हणजे रूढी, कायदा आणि नीती या वेगळ्या गोष्टी आहेत. महाडला कायद्याने एक सांगितले, रूढीने उलटे सांगितले, आणि नीतीचा प्रश्न दोघांच्याही वर उभा राहिला. तुमच्या काकांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, आणि राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे. परंतु ‘बेकायदा आहे’ आणि ‘चूक आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. कायदा असणे हे न करण्याचे एक कारण झाले. ते पुरेसे आहे की नाही, हे कायदा कशासाठी आहे यावर आणि तो न्याय्य आहे का यावर ठरते. देवाच्या आज्ञेचेही तसेच. आपल्याकडे गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रूढ व्यवस्थेत, एखादी गोष्ट करावी की नाही यासाठी देवाला कौल लावतात. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटीसने विचारलेला प्रश्न तिथेही विचारता येतो: देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला म्हणून ती गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवाने उजवा कौल दिला? पहिले मानले तर देवाने काहीही सांगितले तरी ते चांगले ठरते. दुसरे मानले तर चांगुलपणाचे कारण कौलाबाहेर शोधावे लागते. श्रद्धा सोडा असे यात कोठेही म्हटलेले नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

आता सिद्धांतांकडे वळण्यापूर्वी त्यांच्याकडून कशाची अपेक्षा धरावी हे ठरवले पाहिजे, कारण तुमची निराशा मला वाटते तिथेच आहे. एका बाजूने प्रसंग टाकला की दुसऱ्या बाजूने निर्णय बाहेर पडेल, असे काम कोणताच नैतिक सिद्धांत करत नाही. डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले की ‘असे आहे’ या प्रकारच्या विधानांतून ‘असे करावे’ हे विधान आपोआप निघत नाही. मध्ये एक पायरी गाळलेली असते. काकांचे बोलणे या दृष्टीने तपासा. ‘शेजारचा दिवे लावणारच आहे’ ही वस्तुस्थिती झाली. ‘म्हणून मी लावायला हरकत नाही’ हा नैतिक निष्कर्ष झाला. या दोहोंना जोडणारे वाक्य काका उच्चारत नाहीत, आणि बहुधा त्यांनी ते स्वतःशीही कधी उच्चारलेले नसते. ते गाळलेले वाक्य कोणते असू शकेल, आणि ते उजेडात आणल्यावर आपण ते मान्य करू का, हे तपासण्याचे साधन म्हणून सिद्धांत वापरले तर ते फार उपयोगी पडतात.

काकांचे गाळलेले वाक्य बहुधा असे आहे: माझ्या कृतीमुळे जगात काही फरक पडत नसेल तर ती चूक असू शकत नाही. हे वाक्य परिणामवादाचे आहे, म्हणजे कृतीची योग्यता केवळ तिच्या परिणामांवर ठरते असे मानणाऱ्या विचाराचे; उपयुक्ततावाद हा त्याचाच एक प्रकार. म्हणजे तुमचे काका, त्यांना ते नाव माहीत असो वा नसो, जेरेमी बेंथमच्या घरात उभे आहेत. बेंथमने १७८९ साली मांडले की कृतीची योग्यता तिने होणाऱ्या सुखदुःखाच्या बेरजेवर ठरते, आणि या बेरजेत कोणाचेही सुख दुसऱ्यापेक्षा जास्त वजनाचे नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ साली त्यात सुखांच्या प्रतींचा भेद आणला. सुखाऐवजी माणसांच्या इच्छांची पूर्ती मोजावी असे नंतरच्या काहींनी म्हटले. हे अंतर्गत वाद मनोरंजक असले तरी आपल्या प्रश्नाला त्यांनी फारसा फरक पडत नाही.

काकांचा हिशेब मात्र परिणामवादाच्याच नियमांनी तपासावा लागेल, आणि तो वाटतो तितका पक्का नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जोनाथन ग्लोव्हर यांनी १९७५ साली याच प्रकारच्या सबबीवर एक निबंध लिहिला, त्यातील कल्पना अशी: एका गावात शंभर माणसे जेवायला बसली आहेत आणि प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे आहेत. शंभर सशस्त्र लुटारू येतात आणि एकेक जण एकेकाचे सगळे दाणे हिसकावून नेतो. पुढच्या वेळी लुटारूंपैकी काहींना मनाला टोचणी लागते, म्हणून ते पद्धत बदलतात: प्रत्येक लुटारू प्रत्येक वाडग्यातून फक्त एकच दाणा उचलतो. एका दाण्याने कोणाची भूक वाढली असे कोणी दाखवू शकत नाही, म्हणून प्रत्येक लुटारू निर्धास्त मनाने घरी जातो, आणि गाव पहिल्याइतकेच उपाशी राहते. न जाणवण्याइतके लहान नुकसान म्हणजे शून्य नुकसान, हे गृहीतच खोटे असल्याचे यातून दिसते. एका रात्रीत एका नौकेने उचललेल्या बारीक तारलीने किंवा बांगड्याने समुद्रात खड्डा पडल्याचे दिसत नाही; पण नौकांच्या संख्येने गुणल्यावर जे नुकसान दिसते ते याच न दिसणाऱ्या तुकड्यांचे बनलेले असते, आणि गिलनेट, म्हणजे पाण्यात उभे सोडलेले जाळे, लावून पहाटे रिकाम्या जाळ्यानिशी परतणाऱ्याला ते नीट दिसते.

येथपर्यंत परिणामवाद काकांच्या विरुद्ध जातो. पण त्यांचा युक्तिवाद अधिक कठोर रूपात मांडला तर काय होते, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. समजा, काकांनी दिवे लावले नाहीत तर तोच मासळीचा थवा, तितकाच, त्याच रात्री शेजारची नौका उचलते, एक मासाही कमी नाही. मग काकांच्या थांबण्याने पडणारा फरक खरोखर शून्य आहे. उलट त्यांच्या घरी पैसा आला नाही एवढी वजाबाकीच उरते. अशा वेळी काटेकोर परिणामवाद ‘लावा’ असेच सांगतो. डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली यावर तोड सुचवली की माझ्या एकट्याच्या कृतीचा परिणाम न पाहता आम्ही सर्व जण मिळून जे करतो त्याचा परिणाम पाहावा, आणि त्या एकत्रित अपायात मी सहभागी आहे का असे विचारावे. ही तोड मला पटते, पण ती पटवून घेताना आपण परिणामवादाचा उंबरठा ओलांडून, सर्वांना लागू होणारा नियम शोधणाऱ्या कांटच्या ओटीवर आलेलो असतो असेही मला वाटते. माझे काही सहकारी हे मान्य करत नाहीत.

हाच पेच बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ साली एका गोष्टीतून मांडला होता. जॉर्ज नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाला नोकरी नाही, घरी लहान मुले आहेत, आणि त्याला रासायनिक अस्त्रांच्या प्रयोगशाळेत जागा देऊ केली जाते. त्याचा अशा संशोधनाला विरोध आहे. पण तो नाही म्हणाला तर ती जागा अशा दुसऱ्याला मिळणार आहे जो हे काम अधिक उत्साहाने पुढे नेईल. परिणाम मोजले तर जॉर्जने नोकरी घेणेच बरे. विल्यम्सचा आक्षेप असा की या हिशेबात जॉर्ज हा केवळ एक नळ आहे, ज्यातून परिणाम वाहतात. हे काम *मी* केले की दुसऱ्याने, या गोष्टीला तिथे जागाच नाही. वास्तविक माणसाच्या जगण्यात या गोष्टीला सर्वांत मोठी जागा असते. ‘शेजारी करणारच आहे’ हे वाक्य शेजाऱ्याच्या वागण्याबद्दल आहे; काकांच्या हाताने काय होते त्याबद्दल ते गप्प आहे.

परिणामवादावरचा दुसरा मोठा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो कोकणात तर घराघरात माहीत आहे. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प असो की नाणार-बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, मोठ्या प्रकल्पांच्या चर्चेत एका बाजूने देशाचा लाभ आणि दुसऱ्या बाजूने काही गावांची जमीन आणि मासेमारी असा तराजू मांडला जातो. प्रकल्प हवे की नकोत यावर माझे मत येथे गैरलागू आहे, आणि परिणामांचा हिशेब नीट केला तर तो कोणत्याही बाजूला झुकू शकतो. तत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे: एकाच माणसाने आज त्रास सोसून उद्या लाभ घेतला तर त्याचा त्रास भरून निघाला असे म्हणता येते, पण एका माणसाने त्रास सोसला आणि लाभ दुसऱ्याला मिळाला तर कोणाचे काय भरून निघाले? जॉन रॉल्स यांनी १९७१ साली उपयुक्ततावादावर ठेवलेला मुख्य ठपका हाच की तो माणसामाणसांमधले वेगळेपण गंभीरपणे घेत नाही. त्यांनी सुचवलेली कसोटी अशी की समाजात आपल्या वाट्याला कोणती जागा येणार हे माहीत नसताना, म्हणजे अज्ञानाच्या पडद्याआडून, कोणते नियम आपण मान्य केले असते ते पाहावे. आपण मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन नौकेचे मालक होणार, तिच्यावरचे खलाशी होणार, की किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याचा दोर ओढणारे होणार, हे ठाऊक नसेल तर बारा मैलांच्या आतल्या मासळीचे नियम आपण कसे केले असते? हा प्रश्न मच्छिमार सोसायटीच्या बैठकीत विचारून पाहण्यासारखा आहे.

टिळकांचा उल्लेख केल्याशिवाय मात्र रत्नागिरीच्या माणसाला पुढे जाता येत नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी आधिभौतिक सुखवादावर, म्हणजे बाह्य सुखावरून नीती ठरवणाऱ्या मतावर, एक संपूर्ण प्रकरण खर्च केले आहे, आणि बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला प्राधान्य दिले आहे. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी मराठीतून इतक्या बरोबरीच्या नात्याने वाद घालणारे लेखन विद्यार्थ्यांनी न वाचता सोडावे याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता कांट. त्याच्या १७८५ च्या ग्रंथातील सर्वांत सोपे उदाहरण एका दुकानदाराचे आहे, जो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, कारण तसे केल्याने धंद्याचे नाव टिकते. हे उदाहरण आपल्याकडे आंब्याच्या पेटीवर जसेच्या तसे बसते. दुसऱ्या भागातला आंबा देवगड किंवा रत्नागिरी हापूस म्हणून खपवण्याचे प्रकार सर्वांना माहीत आहेत, आणि २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे ही चिंताही होती. जो व्यापारी पकडले जाण्याच्या भीतीने अशी भेसळ करत नाही त्याची कृती कर्तव्याशी जुळते, पण ती कर्तव्यासाठी झालेली नसते, म्हणून कांटच्या मते तिला नैतिक मोल नाही. अनेकांना हे कठोर वाटते. कांट त्या व्यापाऱ्याला वाईट म्हणत नाही, तो इतकेच म्हणतो की उद्या पकडले जाण्याची भीती गेली तर हा माणूस काय करील हे आपल्याला सांगता येत नाही.

कर्तव्य कोणते हे ओळखण्यासाठी कांटने दिलेल्या निरुपाधिक, म्हणजे कोणत्याही अटीविना लागू होणाऱ्या, आदेशाचे पहिले रूप असे: ज्या सूत्रानुसार तुम्ही वागता ते सर्वांचा नियम व्हावे अशी इच्छा तुम्ही विसंगतीशिवाय करू शकता का, ते पाहा. ‘इतर बंदी पाळत असताना मी गुपचूप दिवे लावीन’ हे सूत्र या कसोटीवर लगेच कोसळते. त्याचा फायदाच इतरांनी नियम पाळण्यावर उभा आहे, आणि सर्वांनी ते स्वीकारले तर पाळणारे इतर कोणी उरत नाहीत. मात्र काकांचे सूत्र हे नाही, आणि येथे घाई करू नका. काकांचे सूत्र आहे: ‘इतर बंदी मोडत असतील तर मीही मोडीन.’ हे सर्वांनी स्वीकारले तरी त्यात तार्किक विसंगती दिसत नाही. सर्वांनी पाळली तर सर्व पाळतील, कोणी मोडली तर सर्व मोडतील. कांटच्या कसोटीची ही जुनी दुखरी जागा आहे: सूत्र कोणत्या शब्दांत मांडायचे यावर निकाल पालटतो. कांटवादी यावर उत्तर देतात की असा नियम असलेल्या जगात पहिल्या फितुरासरशी समुद्र रिकामा होईल आणि कोणताही मच्छिमार असे जग समंजसपणे इच्छिणार नाही. उत्तर बरे आहे, पण नीट पाहिले तर त्यात परिणामांचा विचार मागल्या दाराने आत आला आहे.

म्हणून मला स्वतःला कांटच्या आदेशाचे दुसरे रूप अधिक धारदार वाटते: माणसाला, स्वतःला किंवा दुसऱ्याला, कधीही केवळ साधन म्हणून वागवू नका. यातला ‘केवळ’ हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून हमखास गळतो आणि सगळा अर्थ बिघडतो. खलाशी हा मालकासाठी साधन असतोच, तसाच मालकही खलाशासाठी पगाराचे साधन असतो, त्यात काही वावगे नाही. आपल्या बंदरांवर नेपाळहून आलेले कितीतरी खलाशी काम करतात. बंदी मोडून जाणाऱ्या नौकेवर काय धोका आहे, कारवाई झाली तर आपले काय होईल, हे त्यांना न सांगता घेऊन जाणे म्हणजे त्यांची संमती घेण्याची शक्यताच बाद करणे होय, आणि तेथे ‘केवळ साधन’ हा आरोप लागू होतो. एलईडी मासेमारीच्या चर्चेत मासळीबद्दल जितके बोलले जाते तितके या माणसांबद्दल बोलले जात नाही.

कांटचे नियमप्रेम कोठे अडते याचे प्रसिद्ध उदाहरण त्याच्या १७९७ च्या निबंधात आहे: मित्राचा खून करायला आलेल्याने तो कोठे आहे असे विचारले तरी खोटे बोलू नये असे तो म्हणतो. आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला कौशिक, पळत आलेली माणसे कोठे लपली आहेत हे दरोडेखोरांना खरेखरे सांगतो. ती माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. कांटला अभिप्रेत असलेल्या नियमनिष्ठेवर इतका थेट निकाल दुसरीकडे मला आढळलेला नाही, आणि तो कांटच्या कितीतरी शतके आधी दिलेला आहे.

कौशिकासारख्या पेचांना सर्वांत प्रामाणिक उत्तर, माझ्या मते, डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० साली दिले. त्यांच्या मते कर्तव्याचे मूळ एकच नसते. दिलेला शब्द पाळणे, केलेल्या नुकसानीची भरपाई करणे, उपकाराची जाण ठेवणे, न्याय, इतरांचे भले करणे, स्वतःची सुधारणा आणि इतरांना इजा न करणे, ही सगळी प्रथमदर्शनी कर्तव्ये आहेत. प्रत्येकात खरे वजन आहे, पण कोणतेही नेहमीच सर्वांत वरचढ नसते. कोणत्या प्रसंगी कोणते वरचढ ठरते यासाठी सूत्र नाही, विवेक आहे. टीकाकार म्हणतात की ही नुसती यादी झाली, सिद्धांत कोठे आहे? आक्षेपात तथ्य आहे. तरीही यादी खरी असेल आणि सूत्र खोटे असेल तर मी यादी घेईन.

तुमच्या स्वतःच्या अडचणीला रॉसच सर्वांत जवळचा आहे. काकांनी तुमचे शिक्षण केले, म्हणून कृतज्ञतेचे कर्तव्य तुमच्यावर खरे आहे. ते पैसे कोणत्या मार्गाने आले यामुळे ते नाहीसे होत नाही, कारण त्यांनी तुमच्यासाठी केलेला त्याग खरा होता. मात्र कृतज्ञता म्हणजे त्यांच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करण्याचा करार नव्हे. त्यांच्याशी आदराने, घरात, समोरासमोर बोलणे हे कृतज्ञतेच्या आड येत नाही. चारचौघांत त्यांची नाचक्की करणे येईल. त्यांची तक्रार करावी का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, आणि न विचारता त्याचे उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही.

सद्गुणविचाराला वर्गात उगाचच तिसरे आणि सौम्य स्थान मिळते. एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५८ साली लिहिलेल्या निबंधाने तो पुन्हा चर्चेत आला, पण मुळात प्रश्नच वेगळा विचारण्याची ही पद्धत आहे: कोणती कृती योग्य, याआधी कसा माणूस चांगला. ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे. काकांनी आठवड्यातून चारच रात्री दिवे लावावेत असा सल्ला तो देणार नाही. योग्य वेळी, योग्य माणसांबाबत, योग्य प्रमाणात वागण्याची जाण त्याला अभिप्रेत आहे, आणि ती नियमावलीत मावत नाही हे सांगताना त्याने वैद्यकाबरोबर नौकानयनाचेच उदाहरण दिले आहे. मुरलेल्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, वारा फिरलेला कळतो तो पुस्तकातून नव्हे. अशी जाण सवयीने येते, आणि धोका नेमका तोच आहे, कारण सवयीने तिच्या उलटही घडते. ‘शेजारी करतो’ हे कारण पुरेसे मानण्याची सवय लागलेला माणूस ते कारण पुढे जमिनीच्या वाटणीत आणि मजुरीच्या हिशेबातही वापरू लागतो.

योग्य-अयोग्य ही विधाने मुळात सत्य-असत्य असू शकतात का, या अधिनीतिशास्त्राच्या प्रश्नावर जी. ई. मूर यांच्या १९०३ च्या ग्रंथापासून फार लिहिले गेले आहे. १९३६ साली ए. जे. एअर यांनी नैतिक विधाने म्हणजे भावनांचे उद्गार आहेत असे म्हटले, तर १९७७ साली जे. एल. मॅकी यांनी ती सत्य असल्याचा दावा करतात पण सर्वच चुकीची आहेत असे म्हटले. परीक्षेसाठी हे वाचाच. काकांशी बोलताना त्याचा उपयोग होणार नाही, कारण मॅकींचा अनुयायीही आपल्या जाळ्यातले मासे चोरीला गेले तर चोराला चोरच म्हणतो.

राहिला तो निकालाचा प्रश्न. सिद्धांत परस्परविरोधी असूनही या एका प्रकरणात ते बऱ्याच अंशी एकाच दिशेला बोट दाखवतात, हे तुमच्या लक्षात आले असेल: एकत्रित अपायात वाटा, पारंपरिक मच्छिमारांवर अन्याय, खलाशांना अंधारात ठेवणे, आणि सवयीने होणारी झीज. काकांची कृती चूक आहे असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. परंतु कृती चूक असणे आणि माणूस दोषी असणे यांत अंतर आहे. नौकेवर कर्ज असेल, हप्ते थकले असतील, कायदा कागदावरच राहून पाळणाराच बुडत असेल, तर त्याने कृती योग्य ठरत नाही, पण दोषाचे वजन कमी होते आणि त्याचा काही भाग कायदा राबवणाऱ्यांच्या खात्यावर जातो. समर्थन आणि सबब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर काकांशी बोलणेही सोपे जाईल, कारण बहुतेक माणसे आपली सबब ऐकून घेतली गेली तर समर्थनाचा हट्ट सोडतात.

शिवाय ‘इतर पाळत नाहीत’ हे कारण पूर्णपणे पोकळही नाही. सर्वांनी मिळून पाळायच्या नियमात एकट्याने पाळत राहून घर बुडवावे, एवढी मागणी नीती करते का, यावर तत्त्वज्ञांत खरा मतभेद आहे. माझे मत असे आहे की इतरांनी मोडल्यामुळे काकांचे कर्तव्य संपत नाही, त्याचे रूप बदलते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली लिहिले की सामायिक साधन उघडे ठेवले तर प्रत्येकाच्या हिशेबी वागण्याने ते नष्ट होते. पण एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरातली अशी उदाहरणे दाखवली, जिथे वापरणाऱ्यांनीच नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि साधन टिकवले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या रापणीतही दोर ओढणाऱ्याचा वाटा आणि पाळी ठरवणारे नियम किनाऱ्यावरच्या माणसांनी केले होते. तेव्हा एकट्याने आज दिवे विझवणे काकांना खरोखर परवडत नसेल, तर सर्वांचे एकदम विझावेत यासाठी सोसायटीत उभे राहून बोलण्याचे कर्तव्य त्यांच्यावर राहतेच, आणि शेजारी काय करतो हे कारण त्याला पुरत नाही, कारण बोलायला कर्ज आडवे येत नाही. तिथे ते बोलले आणि बहुमताने नकार मिळाला, तर पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. तो तुम्ही त्या बैठकीनंतर विचारा.